मायकेल फॅराडे : वीज आणि प्रकाश यांचें नातें शोधणारा लोहारपुत्र

वैशाख महिन्यांत कोंकणांतील बहुतेक नद्यांचीं पात्रें कोरडीं पडतात, दगडगोटे उघडे होतात आणि हंडाभर पाण्यासाठीं बायकांस वाळूंत झरे उकरावे लागतात. परंतु कोलाडजवळ कुंडलिका नदीच्या कांठीं जो उभा राहील त्यास त्या दिवसांतही वाहतें पाणी दिसेल. याचें कारण त्या मुलखांतील लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. घाटमाथ्यावर मुळशी येथें अडविलेलें पाणी मोठमोठ्या नळांतून भिरा येथें खालीं आणतात, त्याच्या जोरानें चाकें फिरवून वीज उत्पन्न करितात, आणि काम करून मोकळें झालेलें तेंच पाणी कुंडलिकेंत सोडून देतात. टाटांचा हा विजेचा कारखाना १९२७ सालीं सुरू झाला. त्यासाठीं मावळांतील कित्येक गांवें व भातशेतें पाण्याखालीं गेलीं, आणि सेनापति बापट यांनीं १९२१ सालापासून तेथील शेतकऱ्यांसह सत्याग्रह केला, हेंही विसरतां कामा नये. आमच्या घरांतील दिव्याचें मोल पुष्कळदां दुसऱ्या कोणीं तरी दिलेलें असतें.

भिऱ्याच्या कारखान्यांत चाक फिरतें तेव्हां लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचीं वेटोळीं हीं एकमेकांजवळून वेगानें जातात, आणि त्यामुळें तारेंत वीज वाहूं लागते. ही गोष्ट ज्यानें प्रथम सिद्ध करून जगापुढें मांडली तो राजपुत्र नव्हता, विश्वविद्यालयाचा पदवीधर नव्हता, कोणा धनिकाचा मुलगाही नव्हता. तो एका लोहाराचा मुलगा होता. त्याचें नांव मायकेल फॅराडे. या एका शोधामुळें त्याचें नांव शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. परंतु त्याच्या हातून दुसरेंही एक मोठें कार्य झालें. वीज, चुंबक आणि प्रकाश यांचा आपसांत कांहीं संबंध आहे कीं नाहीं, हा प्रश्न त्यानें तरुणपणीं हातीं घेतला आणि २३ वर्षांनंतर त्याचें उत्तर मिळविलें. तें कार्य खेड्यांतील आमच्या वाचकांस नीट समजावें म्हणून त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडन शहराच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स या ठिकाणीं झाला. बाप जेम्स हा पोट भरण्यासाठीं उत्तर इंग्लंडांतून आलेला लोहार होता. तो वरचेवर आजारी पडे, आणि लोहार अंथरुणावर पडला म्हणजे भट्टीही थंड राही. १८०१ सालीं धान्य अतिशय महागलें, त्या वेळीं मायकेलच्या वांट्यास आठवड्यास एक पाव येई, आणि तोच त्यास आठवडाभर पुरवावा लागे. घरचीं माणसें सँडिमनी नांवाच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचीं होतीं. स्कॉटलंडांतील जॉन ग्लास आणि त्यांचे जांवई रॉबर्ट सँडिमन यांच्या शिकवणीवर ही मंडळी उभी राहिली होती. तींत पगारी पाळक नसत. मंडळींतूनच वडील निवडले जात. प्रभुवारीं सर्व जण एकत्र भोजन करीत. आणि धन सांठवून ठेवणें विश्वासणाऱ्यास शोभत नाहीं असें ते मानीत. मायकेल जन्मभर या मंडळींतच राहिला.

शाळेंत त्याला वाचन, लेखन आणि थोडे हिशेब यांपलीकडे कांहीं मिळालें नाहीं. तेराव्या वर्षीं, म्हणजे १८०४ सालीं, तो जॉर्ज रीबो नांवाच्या पुस्तकविक्याकडे निरोप्या म्हणून राहिला. वर्तमानपत्रें घरोघर नेऊन द्यावयाचीं आणि वाचून झाल्यावर परत आणावयाचीं, हें त्याचें काम. त्याचा प्रामाणिकपणा पाहून धन्यानें पुढच्या वर्षीं कांहींही फी न घेतां त्यास सात वर्षांसाठीं पुस्तकबांधणीचें काम शिकण्यास ठेवून घेतलें. येथें त्याच्या आयुष्यास वळण लागलें. दुसरे कामकरी पुस्तकें बांधीत. हा मुलगा तीं बांधीत असे आणि वाचीतही असे. ज्ञानकोशाचा एक खंड बांधावयास आला असतां त्यांत विजेवरचा लेख त्याच्या दृष्टीस पडला. मार्सेट नांवाच्या बाईंनीं रसायनशास्त्रावर सोप्या संभाषणांच्या रूपानें लिहिलेलें पुस्तकही त्यानें वाचलें. परंतु नुसतें वाचून त्याचें समाधान होत नसे. पुस्तकांत लिहिलें तें खरें आहे कीं काय, हें तो चार पैशांचें सामान आणून स्वतः करून पाही. घर्षणानें वीज उत्पन्न करणारें एक लहानसें यंत्रही त्यानें आपल्या हातांनीं बनविलें. १८१० सालीं त्याचा बाप वारला. त्याच सुमारास लंडनांत पदार्थविज्ञानावर कांहीं व्याख्यानें होत असत, आणि प्रत्येक व्याख्यानास एक शिलिंग पडे. तो शिलिंग थोरला भाऊ रॉबर्ट आपल्या लोहारकामाच्या मजुरींतून देई. भावाच्या घामाचा तो पैसा वायां गेला नाहीं.

१८१२ सालीं दुकानांत येणाऱ्या एका गृहस्थानें मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंतील सर हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. डेव्ही हे त्या काळचे प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ होते. मायकेलनें चार व्याख्यानें ऐकलीं, त्यांचीं टिपणें घेतलीं, घरीं तीं सुवाच्य लिहून काढलीं, आकृति काढल्या, स्वतः बांधून त्यांचें पुस्तक केलें, आणि विद्येच्या सेवेंत कांहीं काम मिळावें अशी विनंति करून तें डेव्ही यांजकडे पाठविलें. कांहीं महिन्यांनीं प्रयोगशाळेंतील मदतनिसाची जागा रिकामी झाली. १ मार्च १८१३ रोजीं मायकेलची नेमणूक झाली. पगार आठवड्यास २५ शिलिंग, आणि राहावयास इमारतीच्या माथ्यावरील दोन खोल्या. बाटल्या धुणें व उपकरणें मांडणें यांपासून त्यानें आरंभ केला. त्याच वर्षीं डेव्ही युरोपच्या प्रवासास निघाले व मायकेलला बरोबर घेऊन गेले. व्होल्टा, अँपियर अशा थोर पंडितांचें दर्शन त्यास या प्रवासांत घडलें. परंतु डेव्ही यांची पत्नी त्यास नोकराप्रमाणें वागवी, व पंक्तीस बसूं देत नसे. हा अपमान त्यानें गिळला, आणि शिकावयाचें तें शिकून १८१५ सालीं तो परत आला.

१८२१ सालीं फॅराडे यांचा विवाह आपल्याच मंडळींतील सेरा बर्नार्ड हिच्याशीं झाला, आणि त्याच उन्हाळ्यांत त्यांनीं मंडळीपुढें उभें राहून आपला विश्वास प्रकट केला. आदल्या वर्षीं डेन्मार्कच्या अर्स्टेड यांनीं, तारेंतून वीज वाहत असतां जवळच्या होकायंत्राची सुई हालते, असें दाखविलें होतें. त्यावरून फॅराडे यांनीं १८२१ च्या सप्टेंबरांत वीज वाहणारी तार चुंबकाभोंवतीं एकसारखी फिरत ठेवून दाखविली. आजचा विजेचा पंखा व पाण्याचा पंप हे त्याच प्रयोगाचे वंशज होत. परंतु या यशाबरोबर एक कलंकही आला. ही कल्पना वुलस्टन नांवाच्या दुसऱ्या विद्वानाची असून फॅराडे यांनीं ती न सांगतां घेतली, असा बोभाटा झाला. पुढें १८२३ सालीं रॉयल सोसायटीचे सभासद म्हणून त्यांचें नांव सुचविलें गेलें, तेव्हां खुद्द डेव्ही यांनीं त्यास विरोध केला. तरी ते निवडून आले. ज्यांनीं हात धरून वर आणिलें त्यांचाच विरोध सोसणें किती कठीण! परंतु फॅराडे यांनीं डेव्ही यांविषयीं कृतज्ञता कधीं सोडली नाहीं.

आतां प्रकाशाच्या गोष्टीकडे वळूं. प्रकाश ही एक लहर आहे असें त्या काळीं विद्वान लोक मानूं लागले होते. ती कशी, हें एका दाखल्यानें समजेल. विहिरीवरचा लांब दोर झाडास बांधून त्याचें दुसरें टोंक हातानें वरखालीं हालवावें, म्हणजे दोरांतून लहर धांवते. हात आडवा हालविला तर लहर आडवी धांवते. आतां हा दोर कुंपणाच्या दोन उभ्या काठ्यांमधून नेला, तर उभी लहर पलीकडे जाईल, आडवी मात्र काठ्यांस अडून मरेल. सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रकाशांत सर्व दिशांनीं हालणाऱ्या लहरी मिसळलेल्या असतात. परंतु कांचेवरून विशिष्ट कोनानें परत फिरलेल्या प्रकाशांत एकाच दिशेची हालचाल उरते. अशा प्रकाशासमोर एक प्रकारचा स्फटिक धरला तर तो कुंपणाच्या काठ्यांसारखें काम करितो. एका बाजूनें धरला असतां प्रकाश पलीकडे जातो. तोच स्फटिक चतुर्थांश फेरा फिरविला असतां पलीकडे अंधार होतो.

फॅराडे यांच्या मनांत असें आलें कीं, सृष्टींतील सर्व शक्ति एका हातच्या आहेत. तर वीज आणि प्रकाश यांचाही आपसांत कांहीं संबंध असलाच पाहिजे. तो शोधण्याची युक्ति त्यांनीं अशी योजिली. एका दिशेनें हालणारा प्रकाश घ्यावा, तो वीज वाहत असलेल्या द्रवांतून न्यावा, आणि पलीकडे स्फटिकानें अंधार करून डोळा लावून बसावें. विजेनें प्रकाशाच्या हालचालीची दिशा थोडी जरी फिरविली, तरी त्या अंधारांत उजेड दिसेल. १८२२ सालीं त्यांनीं हा प्रयोग केला. अंधार तसाच राहिला. त्यांनीं वहींत लिहून ठेविलें कीं, कांहीं परिणाम दिसला नाहीं. १८३३ सालीं पुन्हां केला. पुन्हां कांहीं दिसलें नाहीं. तेंही लिहून ठेविलें.

मध्यंतरीं रॉयल सोसायटीनें त्यांजवर एक कंटाळवाणें काम सोंपविलें. दुर्बिणींसाठीं उत्तम कांच तयार करावयाची होती. १८२५ पासून सुमारें पांच वर्षें फॅराडे भट्टीशीं झगडत राहिले. सार्जंट अँडरसन नांवाचा लष्करांतून निवृत्त झालेला एक गृहस्थ त्यांचा मदतनीस होता. एके रात्रीं त्यास घरीं जावयास सांगण्याचें फॅराडे विसरले, तर सकाळपर्यंत तो तसाच भट्टी सांभाळीत बसला होता, असें सांगतात. शिसें घालून केलेली एक अतिशय जड कांच यांतून निघाली, परंतु दुर्बिणीच्या कामीं तिचा फारसा उपयोग झाला नाहीं. एवढीं वर्षें मातींत गेलीं असें कोणासही वाटलें असतें. कांचेचे ते तुकडे फळीवर पडून राहिले.

हें काम संपल्यावर १८३१ सालीं फॅराडे यांचें भाग्य उघडलें. २९ ऑगस्ट रोजीं त्यांनीं लोखंडाच्या एका कड्यावर तारेचीं दोन निरनिराळीं वेटोळीं गुंडाळलीं, आणि एकांत वीज सुरू किंवा बंद करितांना दुसऱ्यांत क्षणभर वीज उत्पन्न होते असें पाहिलें. १७ ऑक्टोबर रोजीं तारेच्या वेटोळ्यांत नुसता लोहचुंबक आंतबाहेर केला, तरी वीज उत्पन्न झाली. भिऱ्याच्या सर्व चाकांचें बीज हेंच. पुढें विजेनें पदार्थांचें पृथक्करण कोणत्या प्रमाणांत होतें याचे नियमही त्यांनीं १८३३ व १८३४ या सालांत शोधून काढले. कारखानदारांस सल्ला देऊन ते या वेळीं पुष्कळ द्रव्य मिळवूं शकले असते. तें काम त्यांनीं जवळजवळ सोडून दिलें आणि संस्थेच्या माफक वेतनावर शोधांत आयुष्य घालविलें. १८४० सालीं आपल्या मंडळ्यांतही दिग्दर्शन नांवाचें नवें मासिक पोंचूं लागलें असेल. मुंबईंत बाळशास्त्री जांभेकर यांनीं तें त्याच वर्षीं काढून मराठी वाचकांपुढें शास्त्राचे विषय मांडण्यास आरंभ केला होता.

त्याच १८४० सालीं लंडनच्या मंडळीनें फॅराडे यांस वडील निवडलें. ते प्रभुवारीं उपदेश करीत, आजाऱ्यांस भेटत, गरिबांच्या घरीं जाऊन बसत. परंतु अतिश्रमानें त्यांची प्रकृति मोडली. स्मृति दगा देऊं लागली, डोकें गरगरूं लागलें, आणि कित्येक महिने शोधाचें काम बंद ठेवावें लागलें. त्यांतच १८४४ च्या मार्च महिन्यांत मंडळींत शिस्तीसंबंधानें वाद माजला, आणि इतर कित्येकांबरोबर फॅराडे यांसही मंडळींतून बाहेर काढण्यांत आलें. राणीच्या घरीं जेवावयास गेल्यामुळें एका प्रभुवारीं ते उपासनेस चुकले म्हणून ही शिक्षा झाली, अशी एक गोष्ट प्रचलित आहे. परंतु इतिहासकार ती मानीत नाहींत. जगांत ज्यांचा मान होत होता असा पुरुष आपल्या पंचवीस-पन्नास कुटुंबांच्या मंडळीपुढें नम्र झाला. त्यांनीं रागानें दुसरी मंडळी धरली नाहीं. मे महिन्यांत त्यांस परत घेण्यांत आलें; वडीलपण मात्र गेलें, तें पुन्हां १८६० सालीं मिळालें. मंडळींतील तंटे खेड्यांतल्या लोकांसच ठाऊक आहेत असें नाहीं.

अशा मनस्तापानंतर, वयाच्या ५३ व्या वर्षीं, त्यांनीं जुना प्रश्न पुन्हां हातीं घेतला. १८४५ च्या ऑगस्टांत विल्यम टॉम्सन नांवाच्या एका तरुण गणितज्ञानें त्यांस पत्र लिहून विचारलें होतें कीं, विजेच्या ताणाखालीं असलेल्या पारदर्शक पदार्थांतून प्रकाश नेल्यास त्याजवर कांहीं परिणाम होतो काय. फॅराडे यांनीं पुन्हां द्रवांवर प्रयोग केले, कांहीं नाहीं. कांचेवर विजेचा ताण देऊन पाहिला, कांहीं नाहीं. मग त्यांनीं वीज बाजूस ठेवून जोरदार विद्युच्चुंबक घेतला. साधी कांच, स्फटिक, असे एकामागून एक पदार्थ त्याच्या ध्रुवांजवळ ठेविले. तरी अंधार तसाच. शेवटीं, १३ सप्टेंबर १८४५ रोजीं, त्यांनीं ती पंधरा वर्षांपूर्वींची जड कांच फळीवरून काढिली. ती चुंबकाजवळ अशी ठेविली कीं चुंबकाचा जोर आणि प्रकाशाचा किरण हे एकाच दिशेनें जावेत. मग स्फटिकास डोळा लावून त्यांनीं चुंबकांत वीज सोडिली. अंधारांत उजेड आला. वीज बंद केली, उजेड गेला. पुन्हां सुरू केली, पुन्हां आला. चुंबकाच्या जोरानें प्रकाशाच्या हालचालीची दिशा फिरत होती! टाकाऊ वाटलेली ती कांचच या कामीं उपयोगी पडली. तीच कांच नसती तर त्या दिवशींही त्यांस कांहीं परिणाम दिसला नाहीं असेंच लिहावें लागलें असतें.

हें कां घडतें, हें आज आम्हांस ठाऊक आहे. फॅराडे यांस नव्हतें. प्रत्येक पदार्थांत विद्युद्भार असलेले अतिसूक्ष्म कण असतात, त्यांस इलेक्ट्रॉन म्हणतात. रोह्याच्या खाडींत मासेमाऱ्यांच्या जाळ्यास बांधलेलीं बोंडें लाट आली म्हणजे वरखालीं होतात, त्याप्रमाणें प्रकाशाची लहर आली म्हणजे कांचेंतील हे कण हालूं लागतात. आणि बोंड हालल्यानें पाण्यांत जशी त्याची स्वतःची लहानशी लाट उठते, तसे हालणारे विद्युद्भारही स्वतः प्रकाश टाकतात. कांचेंतून पलीकडे जाणारा प्रकाश हा मूळचा आणि या कणांनीं टाकलेला मिळून झालेला असतो. आतां हालत्या विद्युद्भारास चुंबक बाजूस ढकलतो. म्हणून चुंबकाजवळ हे कण सरळ रेषेंत न हालतां किंचित् कलून हालतात. त्यांनीं टाकलेला प्रकाशही किंचित् कललेला असतो. आणि कांचेच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत हा कल थोडा थोडा वाढत जाऊन सर्व प्रकाशाची दिशा फिरते. वीज आणि प्रकाश यांची गांठ या चिमुकल्या कणांच्या ठायीं पडते. पान हिरवें कां दिसतें, आकाश निळें कां दिसतें, याचीं उत्तरेंही अशाच हालचालींत सांपडतात. आकाशाचा निळेपणा हवेच्या कणांतील विद्युद्भार निळा प्रकाश तांबड्यापेक्षां अधिक विखरतात म्हणून आहे.

१८४६ सालीं ३ एप्रिल रोजीं दिलेल्या एका व्याख्यानांत फॅराडे यांनीं एक धाडसी तर्क मांडिला. वीज व चुंबक यांच्याभोंवतीं जोराच्या अदृश्य रेषा पसरलेल्या असतात असें ते मानीत. प्रकाश हा कदाचित् त्याच रेषांचा कंप असेल, असें त्यांनीं सुचविलें. त्यांस गणित येत नव्हतें, म्हणून पुष्कळ पंडितांनीं या बोलण्याकडे लक्ष दिलें नाहीं. परंतु जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटलंडच्या तरुण गणितज्ञानें दिलें. त्यांनीं फॅराडे यांच्या रेषा गणिताच्या भाषेंत मांडिल्या, आणि विजेची व चुंबकाची लहर किती वेगानें धांवेल याचा हिशेब केला. तो वेग आणि प्रकाशाचा मोजलेला वेग हे जवळजवळ सारखेच निघाले, म्हणजे सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर. १८६५ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, प्रकाश ही विजेची आणि चुंबकाची लहर होय. मॅक्सवेलही देवभीरु ख्रिस्ती होते. लोहाराच्या मुलानें डोळ्यांनीं पाहिलेलें त्यांनीं लेखणीनें सिद्ध केलें. आरंभीं त्यांचा लेख वाचून फॅराडे यांनीं त्यांस नम्रपणें विनंति केली होती कीं, गणितज्ञांनीं आपले निष्कर्ष साध्या भाषेंतही सांगावे, म्हणजे आमच्यासारख्यांस त्यांवर प्रयोग करितां येतील.

१८६२ सालच्या मार्च महिन्यांत वृद्ध फॅराडे यांनीं शेवटचा प्रयोग केला. दिव्याच्या ज्योतींत मीठ वगैरे टाकून तिचा रंगीत प्रकाश त्यांनीं चुंबकाजवळ नेला, आणि त्याच्या रंगरेषांत कांहीं फरक पडतो काय हें पाहिलें. फरक दिसला नाहीं. नेहमींप्रमाणें त्यांनीं तेंही प्रामाणिकपणें लिहून ठेविलें. पुढें हॉलंडांत पीटर झेमान यांनीं या अपयशाची हकीकत वाचली. फॅराडे यांच्यासारख्यास जें करून पाहावेंसें वाटलें तें पुन्हां करून पाहण्याजोगें असलेंच पाहिजे, असें त्यांस वाटलें. १८९६ सालीं अधिक चांगल्या उपकरणांनीं त्यांनीं तोच प्रयोग केला, आणि चुंबकाजवळ रंगरेषा रुंदावतात असें दिसून आलें. लोरेंट्स यांनीं त्यावरून दाखविलें कीं, प्रकाश टाकणारे कण विद्युद्भाराचे आहेत. १९०२ सालीं या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

फॅराडे यांस न दिसलेली दुसरी गोष्ट, म्हणजे विजेच्या ताणानें कांचेंतील प्रकाशावर होणारा परिणाम, ती १८७५ सालीं जॉन केर यांस दिसली. हे गृहस्थ ग्लासगो येथें स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या शिक्षकांच्या कॉलेजांत गणित शिकवीत, आणि उरलेल्या वेळीं प्रयोग करीत. याच फ्री चर्चचे डॉ. जॉन विल्सन मुंबईंत मराठी लोकांमध्यें आयुष्यभर खपले, आणि त्याच १८७५ सालीं तेथेंच वारले. अशा रीतीनें फॅराडे यांच्या वहींतील रिकाम्या जागा दुसऱ्यांनीं भरून काढल्या. जर्मनींत हर्ट्झ यांनीं १८८७ व १८८८ या सालांत विजेच्या लहरी प्रत्यक्ष उत्पन्न करून दाखविल्या. १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं तशाच लहरी भिंतींतून पलीकडे पाठविल्या. आज कोलाडच्या बाजारांत मनुष्य खिशांतील फोनवर मुंबईच्या मुलाशीं बोलतो, तें याच लहरींच्या द्वारें. आणि घरांच्या छपरांवरील सौर पट्ट्यांत सूर्यप्रकाश विद्युद्भारांस ढकलून वीज उत्पन्न करितो. भिऱ्यास पाणी चाक फिरवितें, छपरावर प्रकाशच हें काम करितो.

फॅराडे यांनीं सरदारकीची पदवी नाकारली. १८५८ सालीं रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद देऊं केलें असतां तेंही नाकारलें. दीपस्तंभांवरील दिवे सुधारण्याचें काम मात्र त्यांनीं अनेक वर्षें केलें. दर्यावर्दी लोकांचे प्राण वांचविणारें तें काम त्यांस लहान वाटलें नाहीं. उतारवयांत, बर्फ पडत असतांही, समुद्रकांठच्या दीपस्तंभावरील विजेचा दिवा पाहण्यास ते गेले होते. नाताळांत मुलांसाठीं ते व्याख्यानें देत, आणि साध्या मेणबत्तीच्या आधारें त्यांस सृष्टीचे नियम समजावून सांगत. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं हॅम्प्टन कोर्ट येथें, आपल्या खुर्चींत बसले असतांच, त्यांचा अंत झाला. मोठ्या राजेरजवाड्यांच्या शेजारीं त्यांस पुरलें नाहीं. हायगेटच्या दफनभूमींत साध्या दगडाखालीं ते आहेत. दगडावर नांव आणि जन्ममृत्यूच्या तारखा, एवढेंच.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे वाडवडील भट्टीपुढें, नांगरामागें किंवा दुसऱ्याच्या दारीं राबले. कित्येकांस शाळा चार वर्षांपेक्षां अधिक मिळाली नाहीं. उपदेशक बंधूंपैकीं कित्येकांस असेंही वाटत असेल कीं, ज्या गांवीं वर्षानुवर्षें काम केलें तेथें कांहीं परिणाम दिसला नाहीं. त्यांनीं फॅराडे यांची वही आठवावी. जें दिसलें तेंच लिहावें. जें दिसलें नाहीं तें दिसलें असें लिहूं नये. आणि फळीवर पडलेली कांच फेंकून देऊं नये. ती कोणत्या दिवशीं कामास येईल, हें आज आम्हांस सांगतां येत नाहीं. कुंडलिकेच्या कांठीं रात्रीं गांवांतील दिवे पाण्यांत लुकलुकतांना दिसतात. त्या दिव्यांत वीज आहे आणि प्रकाश आहे, आणि दोहोंचें नातें जोडून दाखविणाऱ्या एका लोहाराच्या मुलाचे कष्टही आहेत.